ग्रीक लोकं सभेतले ठराव दगडावर का कोरत होती? आणि आमच्या गावानं एक कोरला तर?

मलप्रभाकाठ

नमस्कार सगळ्यांना. खानापूर तालुक्यातनं लिहूलालोय. थोडं लांबड लागंल, खरं वाचा.

आमच्या गावात तळं हाय. मागं एका ग्रामसभेत ठरलं की होळीनंतर तळ्याचं पाणी आधी प्यायला, मग जनावरांना, आणि कुणी मोटर टाकायची नाही. हात वर करून झालं, सगळ्यांसमोर. पुढच्या उन्हाळ्यात परत मोटरी लागल्या आणि ज्यांच्या मोटरी त्यांचं म्हणणं की असं काय ठरलंच नव्हतं, नुसती चर्चा झाली. रजिस्टर काढून बघितलं तर कन्नडमध्ये एक ओळ, पाण्याविषयी चर्चा झाली म्हणून, संपलं. कोण बोललं, काय ठरलं, मोडलं तर काय, काही नाही. आता त्यावरनं भांडणं इतकी झालीत की दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जायची बंद झाली.

तर आम्ही काही पोरांनी म्हटलं की परत ग्रामसभा घेऊया, नीट ठराव करूया आणि तळ्याच्या बांधावर दगडात कोरून लावूया. मोठी माणसं म्हणाली, दगडावर देवळाचा जीर्णोद्धार असतोय नाहीतर उद्घाटनाची कोनशिला, ठराव कोण कोरतंय? मग माझा भाचा, कॉलेजला इतिहास घेतलाय त्यानं, तो म्हणाला मामा अथेन्समध्ये हेच करत होते, अडीच हजार वर्षांमागं, सभेतला ठराव दगडावर. तेव्हापासनं हेच डोक्यात फिरूलालंय.

माझं विचारणं असं की त्यांच्याकडं कागदासारखं काहीतरी असणारच की, मग दगड कशाला? खर्च कोण करायचं? वाचायला तरी किती जणांना येत होतं? आणि उद्या ठराव बदलला तर त्या दगडाचं काय करायचे? ज्यांना माहिती हाय त्यांनी सविस्तर सांगा, मला ग्रामसभेत बोलायचंय.

टिळकवाडीचे_मास्तर

भाऊ, प्रश्न फार चांगला विचारलात. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे, जमेल तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, त्यांच्याकडे कागद होता, म्हणजे पपायरस. अथेन्समध्ये इ.स.पू. ५व्या शतकाच्या शेवटापासून मेट्रोऑन नावाच्या इमारतीत, देवांच्या आईच्या देवळातच म्हणा, ठरावांच्या प्रती ठेवायला लागले. पांढरा रंग दिलेल्या लाकडी फळ्याही होत्या. सरकारचं काही भाड्यानं नाहीतर हप्त्यानं कुणी घेतलं की फळीवर नाव आणि रक्कम लिहायची, पैसे भरले की पुसून टाकायचं. नवीन कायद्याचा मसुदाही आधी फळीवर लिहून अगोरात, म्हणजे त्यांच्या बाजारचौकात, दहा वीरांच्या पुतळ्यांपाशी लावायचे, म्हणजे सभेत येण्याआधी लोकांनी बघून यावं. म्हणजे पुसायचं ते फळीवर, सांभाळायचं ते पपायरसवर, आणि जे सगळ्या गावासमोर उभं ठेवायचं ते दगडावर. प्रत्येक ठराव कोरलाच असं नाही. कोरायचा की नाही हे सुद्धा ठरावातच लिहिलेलं असायचं, चिटणिसानं दगडावर कोरावा, अमुक ठिकाणी उभा करावा, अमुक खजिनदारानं इतके पैसे द्यावेत.

आता मसुदा बघा. सुरुवात बहुतेक ‘परिषदेला आणि लोकांना असं योग्य वाटलं’ अशी. परिषद म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेले ५०० जण, आणि लोक म्हणजे प्निक्स टेकडीवर जमलेली सभा. मग त्या वेळी कारभार कुठल्या जमातीकडे (नागरिकांच्या दहा गटांपैकी कुठल्या गटाकडे) होता, चिटणीस कोण, अध्यक्ष कोण, आणि ठराव कुणी मांडला त्या माणसाचं नाव. हे नाव फार महत्त्वाचं, कारण ठराव कायद्याविरुद्ध आहे असं कुणाला वाटलं तर मांडणाऱ्यावर खटला भरता यायचा. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की सभेत कुणी उठून दुरुस्ती सुचवली तर पुष्कळदा ती मूळ मजकुरात मिसळून टाकत नसत, खाली वेगळी कोरायचे, ‘बाकी सगळं परिषदेनं सांगितल्याप्रमाणे, परंतु…’ असं, आणि दुरुस्ती सांगणाऱ्याचंही नाव. आज तो दगड वाचताना त्या दिवशी सभेत कोण काय बोललं ते ऐकू येतं. तुमच्या रजिस्टरातल्या ‘चर्चा झाली’ मध्ये नेमकं हेच नाही.

खर्चाचं म्हणाल तर इ.स.पू. ४थ्या शतकात एका दगडाला २०, ३० द्राख्मा (त्यांचं चांदीचं नाणं) असे आकडे ठरावांतच दिलेले आहेत. ५व्या शतकाच्या शेवटी चांगल्या कारागिराची मजुरी दिवसाला १ द्राख्मा होती, त्यावरून अंदाज करा. मोठा दगड असेल तर जास्त. इ.स.पू. ३७७ चा एक प्रसिद्ध ठराव आहे, स्पार्टा या प्रतिस्पर्धी ग्रीक शहराच्या विरोधात अथेन्सनं जी नवी युती केली तिचा, अरिस्टोटेलिस नावाच्या गृहस्थानं मांडलेला (तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल तो वेगळा), त्याला ६० द्राख्मा मंजूर झालेत.

निपाणीकर_श

मास्तर सगळं बरोबर, खरं एका गोष्टीवर मी अडूलालोय. आपण पटकन म्हणतोय की लोकशाही होती म्हणून दगडावर, लोकांनी वाचावं म्हणून. असं सरळ नाहीये ते.

विल्यम हॅरिस नावाच्या अभ्यासकानं १९८९ साली या साक्षरतेवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा अंदाज असा की वाचता येणारे शंभरात दहा-पंधराच्या पुढं नसावेत. काहीजण त्याहून जास्त धरतात, तरीपण सगळे वाचणारे होते असं कुणी म्हणत नाही. आणि ते दगड बघा जरा फोटोत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, चौकटीच्या वहीत एकेका घरात एकेक अक्षर बसवावं तसं उभं-आडवं सरळ, शब्द कुठंही तुटतोय. दिसायला असं देखणं की डोळ्यांचं पारणं फिटतंय, वाचायला अवघड. इ.स.पू. ४५४ ला डेलोस बेटावरचा, अथेन्स आणि तिच्या मित्र शहरांच्या जुन्या युतीचा खजिना अथेन्सला आणला, त्यानंतर मित्र शहरांच्या खंडणीतला साठावा भाग अथेना देवीला, आणि त्याची यादी दगडावर. पहिल्या १५ वर्षांची यादी एकाच दगडावर हाय, साडेतीन मीटरच्या वर उंच. वरच्या ओळी खालनं उभा राहून कोण वाचणार? ती यादी देवीसाठी, आणि बाहेरनं आलेल्या माणसाला कळावं की हे शहर केवढं मोठं हाय. कितीतरी दगड अक्रोपोलिस या देवळांच्या टेकडीवर होते, म्हणजे देवाच्या दारातच.

आणि दुसरं, लोकशाही नसलेल्या गावांनी पण कोरलंय. क्रीट बेटावर द्रेरोस म्हणून गाव, तिथला कायदा इ.स.पू. ६५० च्या आसपासचा, की एकदा मुख्य अधिकारी झालेल्या माणसानं दहा वर्षं परत ते पद घ्यायचं नाही. तिथंच गोर्टिनला १२ रकान्यांत सहाशेच्या आसपास ओळींचा कायदा भिंतीवर कोरलाय, वारसा, लग्न, गुलाम, सगळं. ही काय अथेन्ससारखी लोकशाही नव्हती, मोठ्या घराण्यांचं राज्य. म्हणून मला वाटतंय दगड ही लोकशाहीची खूण नव्हे.

मलप्रभाकाठ

मास्तर, श भाऊ, दोघांचं वाचून झालं, लई उपयोगी. खरं श भाऊ, मग वाचणारेच नव्हते म्हटल्यावर एवढा खर्च करून काय मिळालं त्यांना? आमच्याकडं पण म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, आणि नवीन पोरांना कन्नड येतंय त्यातल्या काहींना मराठी वाचायला जमत नाही, काहींचं उलटं. म्हणून विचारूलालोय.

टिळकवाडीचे_मास्तर

श यांनी द्रेरोस काढलं ते बरं झालं, पण तो कायदा काय म्हणतो बघा की, सत्तेवरच्या माणसानं पुन्हा पुन्हा सत्तेवर बसू नये. म्हणजे तिथेही बड्या लोकांनी एकमेकांना बांधून घेण्यासाठीच दगड वापरला. अथेन्सनं काय केलं तर हे बांधून घेणं सगळ्या नागरिकांपर्यंत नेलं आणि इतक्या प्रमाणात नेलं की नुसत्या अथेन्स आणि आसपासच्या भागातून हजारोंनी लेख मिळालेत. स्पार्टात असं जवळजवळ काहीच नाही, तिथे तर लेखी कायदे करूच नयेत असा दंडक होता असं प्लुटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार सांगतो. तेव्हा फरक आहे.

वाचण्याबद्दल माझं मत असं की गावात वाचणारा एक जरी असला तरी पुरतं, तो मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे ऐकतात. मुख्य म्हणजे सभेत ठराव पुकारून झालेलाच असतो, हात वर करणाऱ्याला मजकूर ठाऊक असतो. दगड आहे तो नंतर ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणणाऱ्यासाठी. काही ठरावांत सरळ लिहिलंय की ज्याला बघायचं असेल त्याला बघता यावं. कुणीही. अधिकाऱ्याची परवानगी नको, अर्ज नको.

आणि खरी गंमत मोडण्यात आहे. कागद हरवतो, कुणाला कळतही नाही. दगड फोडायचा तर चारचौघांत फोडावा लागतो. इ.स.पू. ४०४ ला अथेन्स युद्ध हरलं आणि तीस जणांची जुलमी राजवट आली, त्यांनी जुने दगड फोडले. वर्षभरात लोकशाही परत आली तेव्हा लोकांनी ते पुन्हा कोरून उभे केले. थासोस बेटावरच्या एका माणसाच्या मुलांना अथेन्सनं मान दिलेला होता, त्यांच्या नव्या दगडावर स्पष्ट नोंद आहे की आधीचा दगड तिसांच्या काळात पाडला गेला म्हणून हा परत, आणि खर्च त्या भावांपैकी एकानं, युरिपिलोसनं केला. म्हणजे फोडणाऱ्यांचं कृत्य पण दगडावर चढलं!

तुमचा ठराव बदलला तर काय, त्याचंही उत्तर त्यांच्याकडे आहे. इ.स.पू. ३७५ चा निकोफोनचा नाण्यांचा कायदा, १९७० ला अगोराच्या उत्खननात सापडला. बाजारात नाणं पारखणारा एक सरकारी गुलाम बसायचा, त्यानं खरं म्हटलेलं नाणं व्यापाऱ्यानं नाकारलं तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. हा कायदा कुठे लावला? एक दगड शहरात सराफांच्या टेबलांमध्ये, दुसरा पिरेयस बंदरात. जिथे फसवणूक होते तिथेच. आणि शेवटी लिहिलंय की याच्या विरुद्ध जाणारा एखादा ठराव कुठे दगडावर असेल तर परिषदेच्या चिटणिसानं तो पाडावा. दोन दगड एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर लोकांनी कुठला मानायचा, म्हणून ही काळजी.

पाडायचा नसेल तर भर घालायचे. स्पार्टाबरोबरच्या तहाचा दगड होता, थुसिडिडीस हा अथेन्सचाच इतिहासकार लिहितो की इ.स.पू. ४१९-१८ च्या हिवाळ्यात अथेन्सवाल्यांनी अल्किबियाडिस नावाच्या पुढाऱ्याच्या सांगण्यावरून त्याच दगडाच्या तळाला कोरून घेतलं की स्पार्टानं शपथ पाळली नाही. तह तसाच वर, आणि खाली मोडणाऱ्याचं नाव.

निपाणीकर_श

हे शेवटचं पटलं. नाव चढण्याची भीती आणि नाव चढण्याचा मान, दोन्ही. मानाचे ठराव तर ढिगानं हायत, आणि त्यात कारण पण दिलेलं असतंय, की सगळ्यांना दिसावं की जो लोकांसाठी झटतो त्याची जाण लोकं ठेवतात. दुसरा बघून झटावा म्हणून.

भीतीचं बघायचं तर तेओस गाव, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर. इ.स.पू. ४७० च्या आसपास त्यांनी शाप कोरले, धान्य बाहेरनं गावात यायला कोण अडवंल तो आणि त्याचा वंश नष्ट होवो, आणि पुढं असं पण की जो हा दगड फोडंल किंवा अक्षरं खरवडंल तो पण वंशासकट जावो. आपल्याकडं कोल्हापूर भागात, कोकणात गधेगाळ उभे असतात, गाढवाचं चित्र कोरलेले, दान दिलेली जमीन कुणी हडपली तर त्याला घाण शाप. दगड सांभाळायला पोलीस ठेवता येत नाही म्हणून देवाला आणि शापाला उभं करायचं. दोन्हीकडं एकच अक्कल चाललीय, एकमेकांना न बघता.

वडगावची_सून

मी बऱ्याच वेळा नुसतं वाचून जाते, आज लिहावं वाटलं. एक गोष्ट कुणी बोललं नाही. त्या सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरगावचे म्हणून कायम राहणारे कारागीर नव्हते. ‘लोकांना योग्य वाटलं’ म्हणायचं आणि लोक म्हणजे तेवढेच. तुमच्या तळ्यावर पाणी भरायला कोण जातं दादा? ठराव मांडणाऱ्यात एका बाईचं नाव असूदे, हात वर करण्यापुरतं नको, दगडावर असूदे.

खरं त्याच अथेन्समधलं एक चांगलं पण सांगते. अक्रोपोलिसवर एरेक्थेऑन देऊळ बांधलं त्याचा हिशोब दगडावर आहे, इ.स.पू. ४०९ च्या पुढचा. खांबांना खाचा पाडणाऱ्या माणसांची नावं आणि मजुरी. त्यात नागरिक आहेत, बाहेरगावचे आहेत आणि गुलाम पण आहेत, आणि दिवसाची मजुरी सगळ्यांची सारखीच, १ द्राख्मा. गुलामाचा पैसा त्याच्या हातात राहत होता का ते सोडा, खरं नाव तर राहिलं. सभेत ज्याला बोलायला जागा नव्हती त्याचं नाव हिशोबाच्या दगडावर सापडतंय. आम्ही विणकरांच्या घरातले, आमच्या मागच्या पिढ्यांनी किती लुगडी विणली असतील, कुणाचं नाव कुठं हाय? म्हणून मला ठरावापेक्षा तो हिशोब मोठा वाटतो. कुणी किती पैसे दिले, किती खर्च झाले, ते पण तुमच्या दगडावर घ्या.

भाषेचं म्हणालात ना, दोन्ही भाषेत कोरा, मराठी आणि कन्नड, समोरासमोर, एकसारखं मोठं. लिकिया म्हणून प्रदेश होता, आत्ताच्या तुर्कस्तानात, तिथं लेटोऑनला १९७३ साली एक दगड सापडला, इ.स.पू. ४थ्या शतकातला. झँथोस शहरातल्या लोकांनी आणि आजूबाजूच्या वस्तीनं मिळून नवीन देवस्थान स्थापायचं ठरवलं, तो ठराव लिकियन भाषेत आणि ग्रीकमध्ये, आणि वर इराणी राज्याचा अंमल म्हणून सरकारी अरामाइकमध्ये पण, तिन्ही एकाच दगडावर. तिथं पण भाषा मिसळलेल्याच होत्या आपल्यासारख्या. ज्याला बांधायचं त्याला त्याच्या भाषेत दिसलं पाहिजे, नाहीतर तो म्हणायला मोकळा की मला काय माहीत.

टिळकवाडीचे_मास्तर

ताई, फार नेमकं बोललात.

आपल्या भागातलं एक जोडतो. हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, काकुत्स्थवर्म्यानं श्रुतकीर्ती सेनापतीला शेत दिलं वगैरे. ताम्रपट ज्याला दान मिळालं त्याच्या घरी राहायचा, तिजोरीतल्या खरेदीखतासारखा. पण बेळगावचे १२०४ चे रट्ट राजांच्या वेळचे दोन शिलालेख आहेत, आता ब्रिटिश म्युझियममध्ये, त्यात राजाच्या दानाबरोबर इथल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन बसदीसाठी, म्हणजे जैन देवळासाठी, आपापल्या मालावर काय द्यायचं ते ठरवलेलं कोरलंय. बांधून घेतलं ते स्वतःलाच, आणि सगळ्यांसमोर. तेव्हा गावातली मोठी माणसं ‘ठराव कोण कोरतं’ म्हणतात त्यांना सांगा, इथेच, वेणुग्रामात म्हणजे बेळगावातच कोरलेत, ८०० वर्षांमागे.

पाथरवटाचा_नातू

नमस्कार. आमच्या घरात पाटे-वरवंटे, जाती, देवळाच्या पायऱ्या हे काम चालत आलेलं हाय, मी आता पाट्या कोरतोय. तुमचा इतिहास मी शिकूलालोय इथं, दगडाचं मी सांगतो.

तुमच्याकडं जांभा मिळतोय म्हणून जांभ्यावर कोरू नका. जांभा भिंतीला चांगला, त्याला भोकं असतात, अक्षर धरत नाही, दोन पावसात कडा जातात. काळा दगड घ्या, नाहीतर ग्रॅनाइटची जाड फरशी. ग्रॅनाइटला पॉलिश नको, उन्हात चकाकतंय आणि वाचता येत नाही. अक्षर खोल पायजे, वरवर कोरलेलं नुसत्या रंगावर दिसतंय आणि रंग गेला की संपलं. त्या ग्रीकांच्या अक्षरात लाल रंग भरत होते म्हणून मी कुठंतरी बघितलंय, आपण पण भरतोय, खरं रंग गेल्यावर बोटानं चाचपून वाचता आलं पायजे, तेवढं खोल.

श भाऊ म्हणाले तसं चौकटीत अक्षर बसवायचं का करत असतील ते आम्हाला लगेच समजलं. एका ओळीत किती अक्षरं ते ठरलेलं असलं की दगड किती लागणार, पैसे किती होणार, आधीच सांगता येतंय. आणि मधेच कुणी अक्षर बदललं, घुसवलं तर लगेच नजरेला येतंय, ओळ मोडती. खोटं करायला जागा राहत नाही. आपल्या अक्षराला वर रेघ असतीय, काना-मात्रा असतात, चौकट तशी बसत नाही, कन्नड गोल अक्षर त्याला अजून जागा लागती. म्हणून कन्नडचा मजकूर मराठीएवढाच धरू नका, सव्वापट जागा सोडा.

मास्तर म्हणाले तसं खाली जागा रिकामी ठेवा. दुरुस्ती झाली तर त्याच दगडावर बसली पायजे. आणि दगड जमिनीत तिसरा हिस्सा जाऊदे, नाहीतर म्हशी अंग घासून पाडत्यात.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे लई लई आभार. रात्री भाच्याला बसवून हे सगळं वाचून दाखवलं.

आता असं ठरवूलालोय. मांडणाऱ्यांची नावं घालायची, त्यात पाण्याला जाणाऱ्या एक काकी तयार झाल्यात, त्या मांडणार. मोटरवाल्यांपैकी एकजण म्हणतोय की भाताचा तरवा (रोपं) टाकायला आठवडाभर तरी पाणी द्या, तर त्याचं पण बरोबर हाय, ती दुरुस्ती त्याच्याच नावानं खाली वेगळी कोरायची. म्हणजे तो पण दगडात आला, त्याला पण मोडता येणार नाही. दगड पंचायतीच्या आवारात नको, तळ्याचं पाणी जिथनं सुटतंय त्या दारापाशीच. वर्गणी आणि खर्च मागच्या बाजूला. रजिस्टरात पण हाच मजकूर शब्दाला शब्द लिहून घ्यायचा आणि सह्या.

एकच राहिलं, मोडणाऱ्याला दंड किती आणि तो गोळा कोण करणार ते अजून ठरंना झालंय. एकजण म्हणतोय शापच घाला, गधेगाळसारखा.

टिळकवाडीचे_मास्तर

शाप नको, दंडाची रक्कम घाला आणि वसूल कोण करणार ते पद लिहा. अथेन्सच्या कायद्यांत कामचुकार अधिकाऱ्याला पण शिक्षा लिहिलेली असायची, निकोफोनच्या कायद्यात नाणं पारखणारा जागेवर बसला नाही तर त्याला ५० फटके. फटके सोडा, पण वसूल न करणाऱ्याचं काय ते लिहा. आणि ग्रामसभेआधी मसुदा चावडीवर लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये, आठ दिवस तरी.

पाथरवटाचा_नातू

मजकूर पक्का झाला की चौकटीच्या कागदावर लिहून पाठवा, एका ओळीत वीस अक्षरांच्या वर जाऊ नका. मी ओळी मोजून दगडाचं माप सांगतो, मग वर्गणी काढा. आधी काढू नका.